बाईचा खड्डा

त्या सालांत आमच्या जिल्ह्यात जीपगाडी आली का लोक पयले इचारत, "कोन गेलं?" कापसाचा भाव बसला होता, जिनिंग बंद पडून राह्यल्या होत्या, अन् पेपरवाले, टीव्हीवाले, दिल्लीवाले, सारे मेलेल्याच्या घरी येत. जित्याच्या घरी चहा प्याले बी कोनी थांबत नोतं. म्हनून यवतमाळच्या कॉलेजची गाडी पांढरीपाशी थांबली अन् तिच्यातून टोपीवाली बाई उतरली, तवा म्या सरळच सांगतलं, "मॅडम, आमच्या गावात या महिन्यात कोनी मेलं नाई. पुढच्या गावाले जा."

बाई हासली. म्हने, "काका, मी मेलेल्यांसाठीच आले. पण दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी."

"मंग तुमाले लयच उशीर झाला," म्या म्हतलं.

अशी आमची वळख झाली. मी डोमाजी. जलम कोतवालीत गेला. तलाठी बदलले, तहसीलदार बदलले, त्याईच्या पंचनाम्याले सतरंजी टाकनारा मीच. लोक म्हनतात मी खवट हाय. असन. कोतवाल गोड राह्यला का गाव त्याले चाटून खाते.

पांढरी म्हंजे गावाच्या उगवतीचं, पूस नदीकडचं टेकाड. तिची माती राखेवानी भुरकी. दिवाळीच्या आंधी आमच्या बायका टोपलं घेऊन जातात, ती माती आनतात अन् भिताडं पोतारतात. मातीत खापरं निंघतात, मनी निंघतात, कधी हाडकं, ते फेकून देतात. पिढ्यानपिढ्या हेच चालू. निम्मं टेकाड तं गावाच्या भिताडाईलेच लागलेलं हाय.

वैजयंती मॅडमनं तिथं खड्डे माराले घेतले. सरळ चौकोनी खड्डे, कडा चाकूनं कापल्यावानी. आमाले वाटलं आता कुंपन घालतीन, पाटी लावतीन, 'आत येऊ नये'. सरकारची तेवढीच एक पाटी आमाले पाठ हाय. पन ही बाई उलट्या डोक्याची निंघाली. म्हने, "हे टेकाड गावाचं आहे. ज्याला वाटेल त्याने यावं, बघावं, विचारावं." येऊन पाह्यल्या त्या फक्त बकऱ्या. पांढरीले गाव 'बाईचा खड्डा' म्हनाले लागलं अन् तेवढ्यावरच भागलं.

अन् लोक गेले असते तरी काय समजलं असतं? बाई मनाची चांगली, पन बोलनं असं का माह्यासारखा पंचनाम्यात मुरलेला मानूस बी जांभई देईन. 'निवासी स्तर' म्हने, 'सातवाहनकालीन' म्हने. लोक मुंडी हालवत अन् बिडी पेटवत.

तिचं नशीब म्हना का माह्या घराचं, तिले माही नात भेटली. उर्वशी. महागावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले होती. सुट्टीत कामाले म्हनून गेली अन् तिथंच रमली. एक दिवस तिनं माती आनाले गेलेल्या बायका हाताले धरून खड्ड्यात उतरवल्या. "काकू, बस इथं. नाई नाई, अशी नाई, उकिडवी बस. हां. ही चूल हाय. तुही चूल घरात कोन्या अंगाले हाय? उगवतीले ना? हिची बी उगवतीले. आता हात लांबव. बाजूले काय लागलं? ते पान्याचं मडकं ठेवाची जागा."

बायका बसल्या. एकीनं चुलीतली काळी राख पाह्यली अन् म्हने, "अवो माय, हिनं तं राख बी नाई काढली! सासू नसन हिले." अशा हासल्या, अशा हासल्या का नदीवरच्या धुनंवाल्या बी पाह्याले आल्या.

तवापासून रोज लोक. ज्याच्या भिताडातून मनी निंघाला तो मनी घेऊन आला, ज्याच्या पोट्ट्यानं मातीचा बैल खेळाले ठेवला होता तो बैल घेऊन आला. मॅडम प्रत्येकाचं नाव लिवून ठेवे अन् म्हने, "हे तुमच्याकडून आलं असं मी पाटीवर लिहिणार." वामनराव म्हातारा तं रोज चार वाजता त्या चुलीपाशी जाऊन बसे. म्हने, घरी आता एवढी ऊब नाई राह्यली.

मॅडम उर्वशीले नागपूरले पाठवाचं म्हने, पुढच्या शिक्षनाले, हेच शिकाले. पोरगी राती मले म्हने, "आबाजी, मले दुसरं काही नाई कराचं. आपल्या गावचं आपल्या लोकाईले सांगाचं, बस." म्या म्हतलं, "सांग बापा. आमी तं आतापर्यंत दुसऱ्याचंच सांगत आलो." मले लय बरं वाटलं, हे कायले लपवू?

आता एक गोठ सांगाच लागते. उर्वशी पायाळू. जनमताना डोक्याच्या आंधी पाय आलते. तांड्यातली जमनी दाई होती म्हनून मायलेकी वाचल्या. आमच्याकडं असं मानतात का पायाळू मानसाची लाथ लागली का उसन उतरते. मंग काय, गावात कोनाची कंबर धरली का तो आमच्या दारात पालथा. पोरगी लाजत लाजत पाठीले टाच लावे अन् पळून जाये.

माह्या पोराले, राजदीपले, याचा लय राग. तो उर्वशीचा बाप. जिनिंगमधी फिटर होता. जिनिंग बंद झाली तवापासून घरी. बोलाले वाघ. विहारात बावीस प्रतिज्ञा त्याच्याच मागं सारे म्हनत. कंबर धरून कोनी आला का हा आतूनच वरडे, "या, लाथ खायाले या! बाबासाहेबानं डोकं देल्लं अन् तुमी ढुंगन घेऊन फिरून राह्यले!" पालथा पडलेला बी हासे. घरात तेवढीच करमनूक होती.

एक दिवस मॅडमचीच कंबर धरली. दिवसभर खड्ड्यात वाकून वाकून ती अशी आखडली का गाडीत बसता येईना. माह्या सुनेनं, सत्यशीलानं, तिले आमच्या ओट्यावर पालथी पाडली. उर्वशी म्हने, "मॅडम, मी तुमाले लाथ कशी मारू?" मॅडम कन्हत कन्हत म्हने, "मार गं बाई, उद्या मोठे साहेब येणार आहेत." मारली. दुसऱ्या दिवशी मॅडम टनाटन उभी. राजदीप म्हने, "गोळी खाल्ली होती तिनं, म्या डोळ्यानं पाह्यलं." मॅडमनं पन कबूल केलं. पन पायाळू म्हंजे काय, तिले अजून काय काय दिसते म्हनतात, हे सारं तिनं बायकाईपासून इचारून घेतलं. तिले अशा गोठीचा नाद होता.

मंग प्रदर्शन ठरलं. सव्वीस जानेवारीले, शाळेत. मॅडम मले म्हने, "काका, तुम्ही डफडं वाजवून दवंडी द्या ना. किती छान वाटेल."

म्या म्हतलं, "मॅडम, डफडं आमच्या बापानं छप्पन साली नदीत टाकलं. तुमच्या छानसाठी मी त्याले वर काढत नाई."

बाईचा चेहरा असा उतरला का मलेच कसंतरी झालं. चार वेळा माफी मागतली. मंग म्या जमनीच्या पोराचा, प्रेमसिंगचा ऑटो घेतला, त्याच्यावर भोंगा बांधला, अन् तांडा, आजूबाजूची खेडी, महागावचा बजार, सारं फिरलो. "तुमच्या आजाच्या आजाच्या आजाचं घर निंघालं हो! मेलेल्याचं नाई, राहनाऱ्याचं घर! पाह्याले या, फुकट हाय!" एवढा हुरूप मले कोतवालीतही कधी आला नोता.

लोक आले बाप्पा. शाळेचं मैदान पुरेना. टेबलावर खापरं, मनी, मातीचे बैल, अन् प्रत्येकापाशी उर्वशीच्या हातची पाटी: 'हे रांजन. यात धान्य भरत. उंदराचा तरास तवाही होता.' तांड्यातल्या बाया आपल्या गळ्यातल्या मन्याशी ते मनी लावून पाहून राह्यल्या होत्या. वामनराव येनाऱ्या-जानाऱ्याले 'माही चूल' म्हनून फोटो दाखवे.

शेवटी मॅडम बोलाले उभी राह्यली. या येळी पुस्तकातलं काही नाई. लोकाईले समजावं म्हनून तिनं मुद्दाम आपल्यातलं बोलाचं ठरवलं होतं. म्हने, "मी पुस्तकं वाचून आले, पण तुमच्या गावाने मला खरं शिकवलं. तुमच्या उर्वशीने मला लाथ मारली आणि माझी कंबर सुटली!" लोक खदखदले. "पायाळू माणसाला जमिनीच्या पोटातलं दिसतं म्हणतात ना तुमच्याकडे? मला आता खरंच वाटायला लागलंय. कारण या टेकडीत काय दडलंय, ते आम्हाला हिनेच दाखवलं!"

टाळ्याच टाळ्या. उर्वशीनं तोंडावर ओढनी घेतली. अन् मले एक जुना पंचनामा आठवला.

कोतवालीत एकदा मी तहसीलदारासंगं जंगलातल्या एका पंचनाम्याले गेलतो. गुप्तधनाचा खड्डा होता. पायाळू पोरगं आनलं होतं, त्याच्या डोळ्यात अंजन घातलं होतं, म्हंजे त्याले जमिनीतलं सोनं दिसते म्हने. सोनं नाई दिसलं. त्या खड्ड्यात काय पाह्यलं ते म्या घरी कधी सांगतलं नाई, अन् आताबी सांगत नाई. म्या टाळ्या वाजवनाऱ्याईकडं पाह्यलंच नाई. न वाजवनारे पाह्यले. भिताडापाशी फुलचंद उभा होता, कापसाचा दलाल. संगं दोन बाहेरचे. ते तिघं उर्वशीच्या पायाकडं पाहून राह्यले होते.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'पायाळू उर्वशीने दाखवली पांढरीतली दौलत.' संगं तिचा फोटो.

मी तो पेपर घेऊन मॅडमकडं गेलो अन् तो पंचनामा फक्त तिलेच सांगतला. ती खालीच बसली. "काका, मी गंमत केली होती," म्हने. "लोकांना जवळचं वाटावं म्हणून."

"वाटलं ना जवळचं," म्या म्हतलं. "आता सारे जवळच येतीन."

तिनं खुलासा छापाले देल्ला, तो आतल्या पानावर नखाएवढा आला. तिनं पुन्हा सभा घेतली अन् सारे डबे लोकाईसमोर उघडले. पाहा, खापरं हायेत, सोनं नाई. लोकाईनं पाह्यलं, मान हालवली, अन् घरी जाता जाता म्हने, रिकामे दाखवून राह्यली म्हंजे भरलेले नागपूरले गेले. आता तुमी म्हनान, गाव भैताड हाय. नाई हो. कापसानं कंबरडं मोडलं तवापासून जो तो जमिनीच्या पोटात पाहून राह्यला होता. जमिनीच्या वर तं काही राह्यलंच नोतं.

त्या राती जेवताना राजदीपनं उर्वशीले इचारलं, "सारेच डबे दाखवले का गं?" ती म्हने, "सारे." तो भाकर मोडत बसला.

फुलचंद आला तो दिवसाढवळ्या, पांढरं धोतर घातलेल्या एका महाराजाले घेऊन. जय भीम बी केला, लेकाच्यानं. म्हने, "कोतवालसाहेब, एक रात पोरगी द्या. तुमी बी संगं या, राजदीपभाऊ बी या. कोनी हात लावनार नाई. उलसं अंजन लावाचं, कुठं हाय ते तिनं बोटानं दाखवाचं. जे निंघन त्यात निम्मं तुमचं." महाराज ओट्यावरून घरात पाहून राह्यला होता.

म्या काठी घेतली. म्हातारा हावो, पन काठीले वय नसते. फुलचंदची एक चप्पल आमच्या दारातच राह्यली, ती म्या नालीत टाकली. राजदीप दारात उभा होता. तो वरडला नाई, ना शिवी देल्ली, ना प्रतिज्ञा सांगतली. मले वाटलं, पोरगा रागानं गप हाय.

ठान्यात गेलो. जमादार वळखीचा. म्हने, "डोमाजी, कोनतं कलम लावू? त्यानं मागतली, तुमी देल्ली नाई. झालं." तवा असल्या कामाचा कायदाच नोता. "पोरीले आठ-पंधरा दिस घरात ठेवा," म्हने.

सत्यशीला तेच म्हनत होती. "कॉलेज गेलं उडत. मामाजी, तुमी तरी तिले सांगा." म्या सांगतलं. उर्वशी माह्यावरच उसळली, "आबाजी, मी घरात बसली तं त्याईचं खरं ठरते. मंग लोक म्हनतीन, दडवून ठेवली म्हंजे हायेच काहीतरी. मी पायाळू असन नाई तं नसन, मले खालचं काही दिसत नाई. खड्डा खनला का मंग दिसते, तेच लोकाईले सांगून राह्यली ना मी?" तिच्या बोलन्यात खोट काहाडता येत नोती. शेवटी प्रेमसिंगच्या ऑटोनं जाचं-याचं ठरलं, दारातून दारात.

अमावस्येच्या दिवशी ऑटोचा पाटा तुटला. प्रेमसिंग महागावात गॅरेजपाशी अडकला. उर्वशी यष्टीनं निंघाली, फाट्यावर उतरली. फाट्यापासून गाव दिसते. ऊन होतं. वावरात मानसं होती. इतक्या उजेडात कोन काय करते, असं तिले वाटलं असन. तुमाले बी वाटलं असतं.

फाट्यावर तिची बॅग भेटली.

आमी नदी पाह्यली, पडक्या जिनिंगचे गाळे पाह्यले, जंगलाची वाट पाह्यली. राजदीप अनवानी पळत होता. त्याच्या पायातून रगत निंघून राह्यलं होतं अन् त्याले त्याचं भान नोतं. हे सांगाच लागते, काहून का पुढं जे सांगाचं हाय ते आयकून तुमी म्हनान, याले पोरीची मायाच नोती. होती. मी बाप हावो त्याचा, मले माहीत हाय.

पांढरीवर आमी पयलेच जाऊन आलतो, दिवस बुडता बुडता. तवा तिथं कोनी नोतं. ते आमच्या मागून आले. उजाडल्यावर प्रेमसिंगची हाक आली, टेकाडावरून. नुसती हाक बी नाई, तो त्याच्या तांड्याच्या गोरबोलीत मायले हाका मारून राह्यला होता.

मॅडमचा तो चौकोनी खड्डा राह्यलाच नोता. त्याच्यामधून आरपार विहिरीवानी भोक पाडलं होतं, दोन मानसं उभी राह्यली तरी वर दिसनार नाई एवढं खोल. चूल गेली होती, रांजन गेलं होतं, चुरा होऊन मातीच्या ढिगात पडलं होतं. काठावर लिंबं, कुंकू, मुंडी तोडलेला कोंबडा. एक सुरा बी होता, त्याले रगत नोतं लागलं. अन् खाली उर्वशी. कॉलेजच्या कपड्यावर नवं हिरवं लुगडं गुंडाळलेली, हात मागं बांधलेले. तिच्या डोळ्यात काळं अंजन थापलं होतं, ते गालावरून गळ्यापर्यंत उतरलं होतं. डोळे सुजून अर्धे मिटले होते. मागाहून समजलं, ते लोक रातभर खनत राह्यले, काही निंघालं नाई, महाराज म्हने पोरगी लपवून राह्यली. मंग तिले झोडपलं. उजाडाले लागलं अन् पळाले. सुरा हातात घेऊन कोनी कायले थांबलं, भेवलं का दया आली, मले माहीत नाई. मले फक्त एवढं दिसलं का पोरगी श्वास घेऊन राह्यली होती.

प्रेमसिंग दोर बांधून उतरला, काठावर बसून टोक म्या धरलं.

तेवढ्यात गाव जमलं. सारं गाव. माह्या भोंग्यानं बी एवढं जमलं नोतं. बायका, मानसं, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, खड्ड्याच्या चारी काठावर. अन् म्या वर मान करून पाह्यलं, तं एकाची बी नजर पोरीवर नोती. सारे तिच्या बाजूनं, तिच्या पायाखाली, मातीत पाहून राह्यले होते. प्रेमसिंगनं तिले खांद्यावर घेतली अन् वर आनू लागला, तवा लोक त्याले जागा देत मागं सरले नाई, तिच्यामागचं दिसावं म्हनून पुढं वाकले. राजदीप काठावर गुडघे टेकून वाकला होता. मले वाटलं लेकीकडं पाहून राह्यला.

वामनराव, रोज त्या चुलीपाशी बसनारा वामनराव, माह्या कानाशी म्हने, "डोमाजी, लय खोल गेले बे. काही लागलं का?"

म्या त्याच्या थोबाडात मारली. माह्यापेक्षा दहा वर्षानं मोठा मानूस. त्याले राग बी आला नाई. गाल चोळत पुन्हा खालीच पाह्याले लागला.

मॅडम आली. धावत आली, चप्पल तुटलेली. उर्वशीसमोर बसली अन् तिचे हात सोडू लागली, पन गाठ सुटेना. सत्यशीलानं तिले बाजूले सारलं. "आता हे बी सांगा लोकाईले," म्हने. "समजन अशा भाषेत." मॅडम तिथंच मातीत बसून राह्यली. मले तिची कीव आली अन् राग बी आला, दोन्ही एकदमच.

पोलीस आले, पंचनामा झाला. सतरंजी दुसऱ्यानं टाकली. पुढं फुलचंद जामिनावर सुटला, महाराज कधी भेटलाच नाई, अन् मॅडमची परवानगी गेली. ते सारं मागाहून. मी त्याच दिवशीचं सांगून राह्यलो.

दवाखान्यातून दुपारी घरी आनली. डॉक्टर म्हने, डोळे वाचले, धूत राहा. सत्यशीलानं पानी कोमट केलं. राजदीप म्हने, "मी धूतो." लहानपनी बी तोच तिले आंघोळ घाले. कापसाचा बोळा भिजवून तो हळूहळू ते काळं पुसत होता. किती हळू! सुजलेल्या पापनीले धक्का लागू नये म्हनून श्वास धरून बसला होता. मी दाराशी खाटेवर होतो. मले रडू फुटलं. वाटलं, चला, घर तं शाबूत हाय.

"डोळा उघड, बेटा. हां. अजून उलसा."

तिनं उघडला.

राजदीपनं दाराकडं पाह्यलं. मंग तिच्या कानाशी वाकला. हळूच बोलला, पन कोतवालाचे कान, मले आयकू आलं.

"बेटा, अंजन तं घातलंच होतं ना त्याईनं. खरं सांग. खाली काही दिसलं का? मलेच सांग फक्त."

सत्यशीलाच्या हातात पान्याचं गंज होतं, ते तसंच राह्यलं. उर्वशी बापाकडं पाहून राह्यली. खड्ड्यातून वर काढल्यापासून ती एक शब्द बोलली नोती, तो तवा बोलली.

"दिसलं ना, बाबा. वरून खाली वाकून पाहून राह्यले होते ना सारे, ते दिसले. तुमी बी होते."

राजदीपच्या हातातला बोळा तिनं घेतला अन् दुसरा डोळा आपला आपनच पुसला.